डेल्मा क्रॅबट्रीची हद्द

टेनेसीतल्या आमच्या डोंगराळ मुलखात डेल्मा क्रॅबट्रीला कोण ओळखत नाही? गावकऱ्यांनी उभारलेलं पाणी-मंडळ तिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मंडळाच्या हद्दीत दुसऱ्या कुणी सार्वजनिक पाणी पुरवायचं नाही, हा कायदा. शहराचा पाइप वीतभर जरी आत आला, तरी बाई बाह्या सरसावून उभी!

मात्र हद्दीतल्याच कीनर डोंगरावर पाणी चढवायचं ती वर्षानुवर्षं पुढे ढकलत राहिली. पाइप शेडमध्ये पडून, खोदाई राहिलेली. वर राहणारी तिची सख्खी बहीण ओनीटा आधी म्हाताऱ्या आईसाठी आणि आई गेल्यावर स्वतःपुरतं ट्रकमधून पाणी वाहून थकली आणि तिने शहराकडे अर्ज केला. शहर टपलेलंच होतं. मंडळ पाणी देत नसेल, तर कायद्याने तो डोंगर आम्हाला द्या, शहरवाले म्हणाले. सोमवारी सुनावणी, आणि शहराची साक्षीदार खुद्द ओनीटा.

डेल्मा तिला भेटायला गेली. ओनीटाने तिला 'बस' असंही म्हटलं नाही.

"हद्द तुझी आणि तहान आमची, होय गं?"

डेल्माला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

उरला रविवार. तोही डेकोरेशनचा, म्हणजे सगळी घराणी शिदोऱ्या घेऊन डोंगरावरच्या कबरी साफ करायला जमतात तो. प्रार्थना संपताच डेल्माने खोदाईला माणसं मागितली. रविवारी काम करणं आम्हा बाप्टिस्टांत पाप! सगळ्यांच्या नजरा पाद्री ब्रदर हॉलिसकडे वळल्या.

"कबरींवरच्या फुलांना आपण दरवर्षी खालून पाणी वाहतो," ते कोट काढत म्हणाले. "त्याला कुणी पाप म्हटलं नाही. यंदा पाइपाने वाहू."

मग काय विचारता! फावडी हातात होतीच, कुणीतरी खोदयंत्र आणलं, तळलेली कोंबडी चराच्या काठावरच फस्त झाली. ओनीटा बराच वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. शेवटी गार चहाची बरणी घेऊन खाली आली. दिवस मावळायच्या आत तिचा नळ खोकला, गढूळ थुंकला आणि धो धो सुटला. डेल्मा पोरीसारखी उड्या मारत होती.

सोमवारी शहराच्या वकिलाने विचारलं, डोंगरावर मंडळाचं पाणी आहे का?

"तपासणी होईपर्यंत उकळून प्यायचंय," ओनीटा म्हणाली. "पण आज मी घरच्या नळाखाली आंघोळ करून आलेय."

डोंगर मंडळाकडेच राहिला. पायऱ्यांवर डेल्मा बहिणीच्या गळ्यात पडली. ओनीटाने तिला घट्ट धरलं.

"आई होती तेव्हा आणायचं होतंस, डेल्मा," ती म्हणाली.