मायच्या हातात स्टेअरिंग

आमच्या जुन्या जीपला हँडब्रेक होता, म्हणजे डॅशबोर्डाखाली छत्रीच्या मुठीसारखी एक दांडी होती. आबा, म्हणजे माझे वडील, ती नेमाने ओढायचे आणि गाडी चढावर तितक्याच नेमाने मागे सरकायची. खरा हँडब्रेक माझी माय होती. ती आबांच्या डाव्या बाजूला बसायची, पायाशी एक तिरका धोंडा ठेवून. मिरची तोडायला आलेल्या मजुरांना आम्ही तोरणमाळच्या घाटातून त्यांच्या पाड्यांवर सोडायला जायचो. घाटात गाडी थांबते न थांबते तोच माय खाली उतरून मागच्या चाकाला धोंडा लावायची आणि हात वर करायची. मग आबा ब्रेकवरचा पाय काढायचे. निघताना धोंडा उचलायचा, साडी सावरत पळायचं आणि चालत्या गाडीत चढायचं. मागच्या फळीवर बसून मी हे बघायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया हे करतात.

स्टेअरिंगचं तर विचारूच नका. चार बोटं मोकळं फिरायचं आणि मग एकदम जड व्हायचं. उभ्या गाडीत ते वळवताना आबा सीटवरून अर्धे उठायचे.

मायने एकदा गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, अक्कलकुव्याजवळच्या खापरला दिलेली. आई लवकर गेली म्हणून मायला तिनेच लहानाचं मोठं केलं. पण बाईमाणसाने एकटीने गाव ओलांडायचं नाही ही आमच्या घरची रीत. एसटी दारावरून जायची, तरी माय कोणी नेईल याची वाट बघायची. जीप अक्कलकुव्याकडे कामाला निघाली तरच बहीण भेटायची, आणि तसा योग वर्षवर्ष यायचा नाही. म्हणून एका दुपारी ती खळ्यात स्टेअरिंगवर बसली. ते काही वळलं नाही. जीप सरळ कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात घुसली. शेजारच्या ओट्यावरचे पुरुष हसले. आबा सगळ्यात मोठ्याने हसले.

“तुन्हा हातनं काम नही हाई,” ते म्हणाले. माय उतरली, पदर झटकला आणि स्वयंपाकाला लागली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी आबांना झटका आला. देवदयेने वाचले, चालायलाही लागले, पण डाव्या हातात जोर उरला नाही. जीप विकली. मी नंदुरबारला शाळेत शिकवते. मी नवी गाडी घेतली. गिअर आपोआप बदलतो, स्टेअरिंग एका बोटाने वळतं आणि हँडब्रेक म्हणजे एक बटण. त्याच हिवाळ्यात मावशी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिने अंथरूण धरलं. दोन रविवारी मी मायला घेऊन गेले. तिसऱ्या रविवारी पेपर तपासायचे होते, म्हणून म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

मायने तव्यावरची भाकरी उलटली आणि वर न बघता म्हणाली, “माले शिकाड. मी जासू.”

“ह्या वयमा? हायवेवर किती ट्रक ऱ्हातस, माय!” हे मी बोलले. शाळेत मुलींना सायकल चालवा, पुढे जा, असं रोज सांगणारी मी. आजही आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

“शिकाड तिले,” आबा म्हणाले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. माय उजवीकडे, आबा डावीकडे, मी मागे जीव मुठीत धरून. पहिल्या दिवशी तिने दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून स्टेअरिंग ओढलं. इतकी वर्षं आबांना बघून तिला तेवढंच ठाऊक होतं. गाडी गर्रकन वळली आणि आमचीच पपईची दोन झाडं आडवी झाली. या वेळी आबा हसले नाहीत. “जोर नको लावू वं,” ते म्हणाले, “नुसतं सांग तिले. ती आयकस.” चार दिवसांत गाडी खरंच मायचं ऐकायला लागली. ज्या कोणा माणसाने स्टेअरिंग हलकं करायचं डोक्यात घेतलं, त्याचे पाय धरावेत असं मला तेव्हा वाटलं.

बटणावर मात्र मायचा काडीचा विश्वास नव्हता. नदीच्या चढावर गाडी थांबवली की ती बटण दाबायची, लाल दिवा लागायचा, गाडी जागच्या जागी उभी असायची आणि बाईसाहेब तरी उतरून धोंडा शोधायच्या. स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच धोंडा लावणारी. निघाल्यावर पुन्हा थांबून तो उचलायचा, कारण रस्त्यात धोंडा टाकून जाणं म्हणजे पाप. आठवडाभर हा तमाशा गावाने फुकटात बघितला. अशाने खापर कधी येणार?

एका सकाळी त्याच चढावर आबा दार उघडून उतरले. पाय ओढत मागे गेले आणि बरोबर मागच्या चाकामागे उभे राहिले.

“बटन दाब. आते पाय काढ.”

“सरका बाजूले!” माय किंचाळली. मीही ओरडले.

“नही सरकस. काढ पाय.”

तिने बटण दाबलं. दोनदा तपासलं. मग तिने डोळे मिटले आणि पाय काढला. गाडी तसूभरही हलली नाही. घरी आल्यावर मी दोघांनाही झाड झाड झाडलं. असला वेडेपणा कोणी करतं का? पण त्यानंतर माय धोंड्यासाठी कधी उतरली नाही, आणि आबांनी त्या सकाळी जे केलं त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

लायसन्स मिळालं. एका बुधवारी सकाळी माय एकटी खापरला निघाली. मी आणि आबा ओट्यावर बसलो. चहा दोनदा गार झाला. अखेर मायच्या नंबरवरून फोन आला, बोलत होती मावशी.

“तू गाडीमाच बठेल शे का? घरमा ये ना वं!”

“मावशी, मी तं आठे घर शे.”

“आनि तुन्हा बाप?”

“त्या बी आठेच शेत.”

फोन हातात तसाच ठेवून मावशीने मायला विचारलेलं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, “मंग तुले कोन लयनं?”

“कोन्ही नही, बाई. मीच उनू.”

मावशीला रडू फुटलं, मागोमाग मायलाही. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला, आणि पलीकडचं रडणं थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.