लाल शाईतली मोहोर

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यास लेखी हरकत घेणारा सभासद मी एकटाच होतो. एका सरकारी महामंडळाच्या विधी शाखेत माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतरचा काळ वर्तमानपत्रांना संतप्त पत्रे लिहिण्यात चालला आहे. अडवलेले पदपथ, कर्कश भोंगे, उघडी गटारे यांपैकी कशासही मी क्षमा केलेली नाही. त्या पत्रांनी काय साधले, असे पत्नीने विचारले की मी "नोंद झाली" असे सांगतो. नोंद कोठे झाली, हे ती दयेपोटी विचारत नाही.

माझी हरकत मात्र खरी होती. आमच्या तळमजल्यावर एक बाई गेली कित्येक वर्षे पाळणाघर चालवतात. माझा नातू त्यांच्याच हातचा वरणभात खाऊन वाढला. नव्या इमारतीत तळमजल्यावर दुकाने येणार होती आणि बाईंना अगदी वरचा फ्लॅट मिळणार होता. कामावर जाण्याच्या घाईत मूल घेऊन लिफ्टपाशी ताटकळत तितक्या वर कोण जाईल? पाळणाघर बंद, म्हणजे त्यांचे पोटच बंद. "भाऊ, मला खालीच जागा हवी, आणि ती कागदावर हवी," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आमच्या काळी जनसंपर्क अधिकारी म्हणजे पत्रकारांना बटाटेवडे आणि दिवाळीला डायरी देणारा एक गृहस्थ असे. त्याच्या पत्रकावर कोणीही विश्वास ठेवत नसल्यामुळे त्याच्या हातून कोणाचे नुकसानही होत नसे. ही विद्या त्यानंतर किती पुढे गेली, ते मला माझ्याच दिवाणखान्यात कळले.

बिल्डरच्या जनसंपर्क सल्लागार बाई एका दुपारी आल्या. त्यांनी मिठाई आणली नव्हती, त्यामुळे ती परत करण्याची माझी तयारी वाया गेली.

"सर, पदपथांवरचं तुमचं पत्र वाचलं. 'सबब' हा शब्द वापरलात तुम्ही! हल्ली कोण लिहितं असं?"

सकाळपासून तापवून ठेवलेला माझा संताप तेथेच निवला.

"हे आमचं प्रसिद्धिपत्रक. तुमचा विरोध आहे, माहितेय मला. मत नाही मागत, सर. फक्त भाषा बघाल?"

आतून पत्नीने विचारले, "चहा ठेवू, की भांडण आहे?"

"ठेव," मी म्हणालो, आणि लाल पेन उघडले.

भाषा खरोखरच भयंकर होती. 'सर्व सभासदांशी चर्चा करून त्यांच्या अडचणी दूर करण्यात आलेल्या आहेत' या वाक्यावर मी विशेष मेहनत घेतली. 'अडचणी दूर करण्यात आलेल्या आहेत' हे शैथिल्य काढून तेथे 'अडचणींचे निराकरण केले आहे' असे बसवले. पाळणाघरात कोणीही चर्चेला फिरकले नव्हते, हे मला पूर्ण ठाऊक होते. परंतु मी भाषा पाहत होतो! शेवटी, नोकरीतील सवयीने, कोपऱ्यात 'तपासले' असे लिहून खाली स्वाक्षरी केली.

संध्याकाळी त्या लाल कागदाचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर झळकले. सोबत एवढाच मजकूर होता: आपल्या ज्येष्ठ सभासदांनी बारकाईने तपासलेले पत्रक, त्यांचे मनःपूर्वक आभार. दावा ठोकण्याजोगा एक खोटा शब्द मी त्यात पुनःपुन्हा शोधला. सापडला नाही. खाली अंगठे आणि फुले यांचा वर्षाव चालू होता. कोणीतरी लिहिले, "काकांनी पास केलं? मग विषयच संपला ना यार!"

सकाळी पाळणाघराच्या दारात बाई भेटल्या. कडेवर एक मूल होते आणि ते त्यांचा चष्मा ओढत होते.

"भाऊ, आज सभेत मी संमतीवर सही करून टाकते. तुम्ही तपासलंत म्हणजे माझी जागा आली असणार त्यात."

"वहिनी, मी फक्त भाषा तपासली."

"म्हणजे?"

"मी सभेत बोलेपर्यंत सही करू नका," असे म्हणून मी अक्षरशः पळालो.

घरी येऊन सल्लागार बाईंना फोन लावला. "ही शुद्ध फसवणूक आहे!"

"कुठलं वाक्य खोटं आहे, सर?"

"सर्वांशी चर्चा केल्याचे!"

"ते तर तुम्ही सुधारून दिलंत. खोटं होतं, तर तेव्हाच खोडायचं ना." मग त्या म्हणाल्या, "खुलासा काढणार असाल तर आजच काढा. आणि छोटा ठेवा."

संतापाच्या भरात मी चार पानी खुलासा लिहिला. त्यात बिल्डर, जाहिरातबाजी आणि एकूण कलियुग यांच्यावर ताशेरे होते. पत्नीने तो वाचला आणि विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?"

सभेत मी चार वाक्ये वाचली. "ते पत्रक मी भाषेसाठी वाचले, खरेपणासाठी नव्हे. पाळणाघरात चर्चेला कोणीही आलेले नाही. हे ठाऊक असूनही मी ते वाक्य सुबक करून दिले. माझ्या सहीकडे पाहून कोणीही सही करू नये."

मागून आवाज आला, "म्हणजे काका, तुमची पेपरातली पत्रंपण भाषेसाठीच वाचायची काय?" सभा खो-खो हसली. मागे उभ्या असलेल्या सल्लागार बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

हशा ओसरल्यावर पाळणाघरवाल्या बाई उठल्या. "मला खाली जागा लिहून द्या, मगच सही." त्यांच्याकडे मुले ठेवणाऱ्या दोन आया उठल्या आणि आमच्याही सह्या तोवर नाहीत, असे म्हणाल्या. मग आणखी काही हात वर झाले. बिल्डरच्या माणसाने फोन कानाला लावून बाहेरची वाट धरली.

काही आठवड्यांनी सुधारित करारनामा आला. बाई आपली प्रत घेऊन माझ्याकडे आल्या. माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. त्यांनी ते उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकले.

"भाऊ, आधी नुसतं वाचा."

मी वाचले. भाषा अत्यंत गचाळ होती. जागा तळमजल्यावर होती.