केरबाचा धूप आणि लोखंडी पडदा

आमच्या कोल्हापुरात नवं नाट्यगृह झालं, तेव्हा पाहुण्यांना पन्हाळा दाखवावा तसं लोक ते दाखवायला नेत होते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तीन मजली गॅलऱ्या, वादकांसाठी स्टेजपुढं खालीवर होणारा खड्डा, आणि स्टेजच्या डोक्यावर अख्खा सेट वर ओढून घेणारी अंधारी पोकळी. मी संगीत नाटकांना ऑर्गन वाजवतो, त्यामुळं माझा मुक्काम त्या खड्ड्यात. तिथून प्रेक्षक दिसत नाहीत. डाव्या विंगेत उभा असलेला केरबा मात्र स्वच्छ दिसतो.

केरबा पडदेवाला. जुन्या थिएटरात दोर ओढून ओढून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. इथं पडदा बटणावर. त्याच्या वाट्याला जुन्या कामातलं एकच उरलं होतं, नटराजाची पूजा झाली की धुपाटणं घेऊन स्टेजभर फिरणं. एवढा धूर करायचा की गाणाऱ्यांना ठसका लागावा. पण कुणाची बोलायची टाप नव्हती. आमचे नट वाक्यं विसरतील, धूप विसरणार नाहीत.

हे नव्या इमारतीला कुणी सांगितलं नव्हतं. उद्घाटनाला केरबाचा धूर वर गेला आणि कानठळ्या बसवणारी घंटा वाजली. छतातून पाण्याचे फवारे सुटले, आणि स्टेज आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धाडकन लोखंडी पडदा उतरला. स्टेजवर आग लागली तर ती तिथंच अडावी म्हणून केलेली ती सोय. स्टेजवर बसलेल्या पाहुण्यांचे फेटे भिजून गळ्यात आले. मी पोट धरून हसलो. व्यवस्थापक उदयसिंह हसले नाहीत. धूप फिरेपर्यंत यंत्रणा बंद ठेवायची, असा त्यांनी हुकूम काढला. पहिले काही प्रयोग ती आठवणीनं परत चालू झाली. पुढं कोण लक्षात ठेवतंय! बंद ती बंदच राहिली.

मग एका प्रयोगात करपल्याचा वास आला. नाटक संपल्यावर केरबा वर चढला आणि मखमली झालरीचा एक तुकडा घेऊन आला. दिव्याला टेकून तो तपकिरी झाला होता. बोटात धरला की भुगा होत होता.

"मास्तर, नाटक आनखी थोडं लांबलं असतं तर?"

तोच तुकडा त्यानं नेऊन उदयसिंहांना दाखवला. "दिवा सरकव की जरा," ते म्हणाले. दिवा सरकला आणि विषय मिटला.

त्याच पंधरवड्यात संयोगिताचं नाटक लागलं. ही केरबाची मुलगी आणि माझी शिष्या. पहिल्यांदाच नायिका. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरींसाठी पडदा उघडणारा हा माणूस तिचं पहिलं पद ऐकायला आसुसला होता. पण त्या दिवशी दुपारी आला तो मागच्या दाराची वाट अडवून रचलेले मोडके सेट एकटाच ओढून बाजूला करत बसला. मग उदयसिंहांपुढं जाऊन उभा राहिला.

"सायेब, आज धूप न्हाय. ते यंत्र चालू करा."

रंगपटात कल्लोळ झाला. आमचे ज्येष्ठ नट पिराजीराव अर्ध्या रंगल्या तोंडानं बाहेर आले. "धुपाबिगर मी पाऊल टाकणार न्हाय!" त्यांच्यामागून संयोगिता आली. नऊवारी नेसलेली, डोळे भरलेले.

"आबा, समद्यांच्या पोरीस्नी धूप दावलासा. माझ्याच येळंला न्हाय व्हय?"

केरबा धुपाटणं घेऊन बाहेर गेला. अंगणात त्यानं धूप पेटवला, गाड्यांमधून वाट काढत सबंध इमारतीला बाहेरून प्रदक्षिणा घातली आणि घामाघूम होऊन परत आला. "झाला धूप. आता करा चालू." मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

उदयसिंहांनी बटण दाबलं. हिरवा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग यंत्राच्या पेटीवर चापट मारली.

"लई दिवस बंद हाय न्हवं. मानूस बोलवतो उद्या. हाऊसफुल्ल हाय केरबा, पब्लिक परत धाडू व्हय?"

तिसरी घंटा झाली.

पडदा उघडला. मी सूर धरला आणि संयोगिता गायली. काय गायली पोरगी! वन्स मोअर आला, तिनं पद पुन्हा म्हटलं. माझा ऊर भरून आला आणि मी कौतुकानं विंगेत पाहिलं. केरबाच्या काखेत पाण्याचा पाइप होता, पायाशी वाळूची बादली. मान मागं टाकून तो वरच्या अंधाराकडं बघत होता, पापणी न हलवता. मग मलाही कसले कसले वास यायला लागले. धुपाचा, तापल्या धुळीचा, की जळक्या कापडाचा, कळेना. खड्ड्याची मागची भिंत माझ्या डोक्याच्या वर होती. प्रयोगभर मी घाबरलेलाच होतो.

नाटक संपलं. काही पेटलं नाही.

"बघ, झालं का काय?" उदयसिंह विंगेत येऊन म्हणाले. "उगंच भ्या घालतोस. उद्या पोरांचं गॅदरिंग हाय, लवकर ये."

"आनी त्यो मानूस?"

"येईल की सोमवारी."

तेवढ्यात संयोगिता तोंडावरच्या रंगासकट धावत आली आणि बापाच्या पाया पडली.

"आबा, पद कसं झालं? ऐकलंसा न्हवं?"

केरबानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मास्तर, तुमी सांगा तिला," तो म्हणाला. "मी न्हाय ऐकलं."