आधी ज्युनिअर

लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग लडाखमधल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत झालं. काम सरळ होतं: वरच्या पोस्टवर रेशन आणि केरोसीन पोचवायचं. कंपनी कमांडर मेजर जाधव. त्यांची एक पद्धत होती. कॉन्फरन्समध्ये सर्वांत ज्युनिअर आधी बोलायचा, साहेब शेवटी. "मी आधी बोललो तर तुम्ही नुसतं यस सर म्हणाल," ते म्हणायचे. सर्वांत ज्युनिअर मी होते.

हे परवा इथं आयर्लंडमध्ये, ओंगारच्या घरी आठवलं. रोमन आयर्लंडवर राज्य करायला कधी आले नाहीत, पण इथल्या शाळेत त्यांचा अभ्यास आहे. माझी लेक इरा वाचत होती. रोमच्या सिनेटमध्ये आधी ज्येष्ठांना मत विचारायचे. मागे बसलेल्यांची पाळी बहुधा यायचीच नाही. ज्याचं म्हणणं पटलं, त्याच्या बाजूला जाऊन ते उभे राहायचे.

"सो युअर मॅन ॲट द बॅक नेव्हर टॉक्स? ही जस्ट वॉक्स?" इरानं विचारलं. 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो गडी'.

"बरोबरच आहे," पुण्याहून आलेले माझे सासरे म्हणाले. "मोठ्यांत लहानांनी बोलू नये."

"आबा!"

मग मी दोघांना त्या दिवसाचं सांगितलं.

बरेच दिवस बर्फ पडून कडक ऊन आलं होतं. पोस्टचं केरोसीन संपत आलं होतं. ऊब देणारी केरोसीनची शेगडी, बुखारी, विझली असती तर तिथल्या जवानांना रात्र काढता आली नसती. गाड्या भरून उभ्या होत्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"गाड्या सोडू नयेत, सर. उन्हानं उतारावरचा बर्फ सुटतोय. उद्या पहाटे निघू."

कॅप्टन सूद हसले. "आणि पोस्टवाल्यांना काय कळवायचं? थंडी उद्यापासून वाजू द्या?"

सुभेदारसाहेबांनी बाहेर नजर टाकली. "मॅडम सही बोल रही हैं, साब."

शेवटी साहेब बोलले. "कॉन्व्हॉय थांबेल. आज रात्रीपुरतं केरोसीन एका गाडीतून जाईल. मी नेतो."

"सर, मी जाते."

"तुम्हाला मत विचारलं होतं, मॅडम. पवार, गाडी काढ."

"मघाशीच काढलीय, साहेब," त्यांचा ड्रायव्हर नाईक पवार दारातून म्हणाला.

रेडिओवर मी होते. वरच्या वळणावरून साहेबांचा आवाज आला. "बर्फ मऊ आहे. तुमचं बरोबर होतं. गाड्या सोडू नका. ओव्हर."

"रॉजर, सर. ओव्हर."

त्यानंतर नुसती खरखर.

पोस्टचे जवान दोर घेऊन खाली उतरले. कड्यावरून आलेल्या बर्फाखाली गाडी सापडली. दोघंही गेले होते. जेरीकॅन शाबूत होते. जवानांनी ते पाठीवरून वर नेले. त्या रात्री पोस्टवर बुखारी पेटली. पहाटे, बर्फ घट्ट असताना, कॉन्व्हॉय मी नेला.

इरानं पुस्तक मिटलं.

जेवताना स्लायगो या दूरच्या गावाचा विषय निघाला. तिथल्या एका प्लान्टमध्ये माझ्या नवऱ्याला नोकरी मिळत होती. जायचं तर इराची इथली शाळा सुटणार होती. नवऱ्यानं बोलायला तोंड उघडलं. आबांनी हात वर केला.

"थांब. आधी इरा."

भाताचं पातेलं हातात घेऊन मी जराशी उभी राहिले. मेजर जाधव. नाईक पवार.

मग वाढायला घेतलं.