सगळ्यांनी न्यायचा डबा

त्या डॉक्टरांचं नाव आजही कुणी आदराने घेतलं की माझ्या तोंडाची चव जाते. नुसता राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो. ही शिसारी आहे आणि इतक्या वर्षांत ती गेलेली नाही.

डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतरचा, अमेरिकेतल्या एडिसनमधला हिवाळा. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये दर दोन-तीन दारांआड कुणाची ना कुणाची नोकरी गेलेली. डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार, बायकोला काम करायची परवानगी नाही, आणि गावी फोनवर मात्र ‘सगळं मस्त चाललंय’ सांगायचं. त्याच वेळी ओक ट्री रोडवरच्या देशी रेस्टॉरंटांत दुपारचा बुफे संपला की पातेलीच्या पातेली अन्न कचऱ्यात जायचं. या दोन गोष्टींची सांगड आमच्या कॉम्प्लेक्समधल्या मावशींनी घातली. त्या सांगलीहून मुलाकडे नातवंडं सांभाळायला आलेल्या, आणि मग मुलाचीच नोकरी गेली. मोडक्यातोडक्या हिंदीत त्या स्वतः रेस्टॉरंटवाल्यांशी बोलल्या. बुफेत मांडलेलं काही नको, आत स्वयंपाकघरात उरलेलं तेवढंच द्या. “उष्टं मी कुणाच्या पानात वाढणार नाही,” हा त्यांचा पहिला नियम.

दुसरा नियम खरा महत्त्वाचा. शनिवारी सगळ्यांनी देवळाच्या बेसमेंटमध्ये जमायचं, आणलेलं गरम करायचं, दह्याच्या रिकाम्या डब्यांत भरायचं, भांडी घासायची, आणि जाताना प्रत्येकाने एक डबा घरी न्यायचाच. गरज असो वा नसो. डबे पांढरे, बाहेरून आतलं दिसत नाही. कुणाचा गच्च भरायचा आणि कुणाच्यात दोन पळ्या घालायच्या, ते मावशी बघायच्या. अन्न आणायला गाडी कुठे पाठवायची, पुढच्या वेळी काय आणायचं नाही, हे सगळं भांडी घासता घासता तिथेच ठरायचं. मदत करणारे कोण आणि नेणारे कोण, हे कुणाला ओळखू यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझ्या शेजारची मुलगी याच नियमामुळे यायला लागली. पाचवा महिना होता, नवऱ्याची नोकरी दिवाळीतच गेलेली. “ताई, आम्ही काही मागायला आलो नाही हं,” असं पहिल्याच दिवशी तिने मी न विचारता सांगितलं.

“मी तरी कुठे मागायला आलेय? ये, डबे पुसायला लाग,” मी म्हटलं.

तिचा डबा मावशी पळीने दाबदाबून भरायच्या. त्यात दोघांचे दोन दिवस निघायचे. ती नवऱ्याला सांगायची, सगळेच नेतात, मोठमोठे डॉक्टरसुद्धा नेतात. त्यावर तो जेवायचा.

तर हे डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी आलेले हार्ट स्पेशालिस्ट, देवळाचे ट्रस्टी. बेसमेंट त्यांच्या शब्दावर मिळालं होतं म्हणून ते आमचे अध्यक्ष. फोटोपुरते यायचे, एरवी उंटावरून शेळ्या हाकायचे. जाताना मावशी त्यांच्याही हातात डबा द्यायच्या. एका शनिवारी ते कुठल्याशा कॉन्फरन्समधून नवीन शब्द शिकून आले.

“लीडरशिप कम्युनिटीमधूनच यायला पाहिजे,” ते म्हणाले. “कमिटीत निम्मे लोक असे हवेत, ज्यांना हे फूड खरंच लागतं. सो, ज्यांना लागतं त्यांनी हात वर करा. लाजायचं काय त्यात, वी आर ऑल फॅमिली!”

सिंकपाशी कुणीतरी नळ बंद केला. मावशी म्हणाल्या, “डॉक्टर, इथे सगळेच डबा नेतात. तुम्हीसुद्धा नेता.”

डॉक्टर खो खो हसले. “अहो मावशी, आमच्याकडे शिळं कोण खातंय! तुमचा मान राखायचा म्हणून घेतो, आणि घरी पोचलो की गराजमधूनच डायरेक्ट गार्बेजमध्ये टाकतो.”

अन्न वाचवायला निघालेल्या मंडळींचा अध्यक्ष अन्न फेकतो, आणि ते हसत हसत सांगतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण किळस आली ती त्या हसण्याची. त्या हसण्यासरशी आमच्यात डबा फेकणारे आणि डबा खाणारे अशा दोन जाती पडल्या. शेजारच्या मुलीने हातातला डबा टेबलावर ठेवला, कोट चढवला आणि ती निघून गेली. हात एकाचाही वर झाला नाही.

संध्याकाळी मी तिचा डबा घेऊन गेले. दार साखळीपुरतंच उघडलं.

“नको ताई. हे म्हणतात, आता नको.”

“अगं, पण तू खाणार काय?”

“आहे ना घरात सगळं.”

तिच्या मागे ओटा दिसत होता, त्यावर काही नव्हतं. मी डबा दाराशी ठेवून आले. सकाळी तो न उघडलेला, तसाच माझ्या पायपुसण्यावर होता.

पुढच्या शनिवारी निम्मी माणसं आली, त्याच्या पुढच्या शनिवारी मावशी आणि मी. नंतर मावशींच्या मुलाला टेक्सासमध्ये काम मिळालं आणि त्याही गेल्या.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, जेवणाच्या आधी, डॉक्टर स्टेजवर चढले. “आम्ही ओपनली विचारलं, कुणाला मदत हवी आहे? एकही हात वर आला नाही! आपल्या समाजात गरजू कुणीच नाही, याचा मला अभिमान वाटतो. म्हणून तो प्रोग्राम आपण क्लोज करतोय.”

हॉल टाळ्यांनी दणाणला.

शेजारची दोघं माझ्या पुढच्याच रांगेत होती. गाडी विकलेली, म्हणून थंडीत चालत आलेली. तिला सातवा लागला होता, आणि कार्यक्रमानंतर श्रीखंड-पुरीचं जेवण सगळ्यांना फुकट होतं. नवऱ्याने आजूबाजूला पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिने मांडीवरची पर्स खाली ठेवली, आणि मग तिनेही वाजवल्या.