न जाळलेली निगेटिव्ह

फोस्को लेन्चोनी आयुष्यभर उलटा चालला. हे मी वाकड्या अर्थानं म्हणत नाही. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाचपासून दिवेलागणीपर्यंत हा माणूस फिल्लुंगो रस्त्यावरून लोकांकडे तोंड करून मागे मागे चालायचा. गळ्यात छोटा जर्मन कॅमेरा, खिशात नंबर घातलेल्या चिठ्ठ्यांचं बाड. आमच्या लुक्का गावातले पाद्री, दूधवाल्याची सायकल, दुकानांच्या पाट्या, सगळ्यांना त्याची पाठ कधी ना कधी लागलेली होती.

"थांबा" म्हणायचं नाही, "हसा" म्हणायचं नाही, हा त्याचा नेम. समोरून येणाऱ्याला कॅमेरा दिसायच्या आत कळ दाबायची, मग टोपी काढून त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. आठवड्याभरात दुकानात यायचं, आवडला तर फोटो न्यायचा. चारांतला एक यायचा. बाकीचे त्या चिठ्ठीत भाजलेल्या चेस्टनटची टरफलं बांधून फेकून द्यायचे.

त्या दुकानात काउंटरवर मी बावीस वर्षं काढली. माझं नाव आर्जेने. निगेटिव्ह कापायची, तिच्यावर नंबर घालायचा, खोक्यात लावायची आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची, हे माझं काम. "मी काय एवढी जाड आहे?" असं बायका मलाच विचारायच्या, जणू त्यांना मीच पाण्यात घालून फुगवलं होतं.

आणखी एक नेम होता, आणि सगळा धंदा त्याच्यावर उभा होता. कुणी येऊन म्हणालं, "हा फोटो नको, निगेटिव्ह जाळा," तर फोस्को एक शब्द न विचारता ती काउंटरवरच्या पितळी ताटलीत ठेवायचा आणि काडी लावायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. आमचं गाव तटाच्या आतलं, इथं एकजण शिंकला तर दुसऱ्या दारातून "देव भलं करो" ऐकू येतं. कुणी कामावर दांडी मारलेली असते, कुणी भलत्याच बाईबरोबर असतो, एखादा नुसताच उधारीच्या कोटात असतो. फोस्कोची ताटली नसती तर लोकांनी त्याला कॅमेऱ्यासकट कालव्यात टाकलं असतं.

या माणसानं तो नेम एकदा मोडला. एकदाच. मी साक्षीला होते आणि मूग गिळून बसले, तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही.

चोपन्न साल. सांता क्रोचेच्या जत्रेचा दिवस. दुइलियो बारसांती नावाचा गवंडी होता. एकोणिसाव्या वर्षी चुन्याच्या हौदात काहीतरी उसळलं आणि त्याचा डावा गाल कानापर्यंत भाजला, डोळा अर्धा मिटला तो कायमचा. दुइलियो रस्त्यानं चालायचा तो डावी बाजू भिंतीला लावून. येताना एका बाजूनं, जाताना दुसऱ्या. गावाला इतकी सवय झाली होती की लोक त्याच्यासाठी भिंतीकडची जागा सोडायचे.

त्या दिवशी मात्र तो रस्त्याच्या मधोमध होता. टोपी मागे सरकलेली, हातात बुचेल्लातोचा तुकडा, बडीशेपेचा तो आमचा गोड पाव, आणि हा गडी तोंड उघडून हसत होता. सगळा चेहरा उन्हात. फोस्कोनं कळ दाबली.

चौथ्या दिवशी दुइलियो दुकानात आला. फोटो हातात घेतला, बघितला आणि उलटा ठेवला.

"जाळा," तो म्हणाला.

फोस्को आतल्या खोलीत गेला, निगेटिव्ह घेऊन आला, ताटलीत ठेवली, काडी लावली. दुइलियोनं कागदावरचा फोटोही स्वतःच्या हातानं त्यात टाकला. सगळं काळं होईपर्यंत उभा राहिला, आभार मानले आणि गेला. मी ताटली पुसायला घेतली, तर एक कोपरा न जळता राहिला होता आणि त्यावर माझ्याच हातचा नंबर होता. तो नंबर दुइलियोचा नव्हता. गल्लीत उभ्या असलेल्या एका खेचराचा होता.

मी फोस्कोकडे बघितलं. तो खिडकीची काच पुसायला लागला. ती काच त्यानं त्याआधी कधी पुसलेली मला आठवत नाही.

यानंतर जे झालं त्यानं फोस्कोला छळलं. दुइलियो त्याला सलाम करायला लागला. रस्त्यात दिसला की भिंत सोडून वळायचा, भाजला गाल त्याच्याकडे करून टोपी उचलायचा. गावात दुसऱ्या कुणालाही त्यानं तो मान दिला नाही. आणि चोराच्या मनात चांदणं, फोस्को दरवेळी बुटाची नाडी बांधायला वाकायचा. चौदा वर्षं.

अडुसष्टच्या सप्टेंबरात दुइलियो छातीच्या दुखण्यानं गेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची बायको झेलिंदा दुकानात आली. ही तंबाखूच्या कारखान्यात तीस वर्षं चिरूट वळत आलेली बाई. बोटं पिवळी आणि बोलणं सरळ.

"सोर फोस्को," ती म्हणाली, "मला नवऱ्याचा फोटो पाहिजे."

"सोरा झेलिंदा, त्यांनी तर..."

"जाळायला लावला, माहीत आहे. घरी येऊन सांगितलं होतं मला. फोटो भयंकर आलाय म्हणाला, पण फोस्को शब्दाचा पक्का, माझ्यासमोर जाळला." तिनं पिशवीतून ओळखपत्र काढलं. "घरात हा एवढाच. आणि कचेरीचा शिक्का नेमका तोंडावर. शिक्का मारणाऱ्यानं मारताना डोळे मिटले असतील. संगमरवरवाल्यानं थडग्याची शिळा तयार केली आहे. दोघांची मिळून एकच. माझंही नाव घातलंय, जन्माचं साल आहे, पुढचं देवाला ठाऊक. पण फोटोची खाच रिकामी आहे. मृतांचा दिवस चार आठवड्यांवर आला. सगळं गाव फुलं घेऊन येणार आणि माझ्या माणसाच्या शिळेला भोक. बेवारशी असल्यासारखं. दुसऱ्या कुणाच्या फोटोत मागे कुठं तो आला असेल, तर बघाल का?"

"बघतो," फोस्को म्हणाला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

आणि तो खरंच बघायला लागला. चौदा वर्षांची खोकी. दुकान बंद करून दुपारभर आम्ही दोघं खिडकीशी उभं राहून एकेक पट्टी उजेडाला धरायचो. मला त्याचा बेत कळत होता. दुसरा एखादा निरुपद्रवी दुइलियो सापडला की याला कबुली द्यावी लागणार नव्हती. बाराव्या दिवसापर्यंत आम्हाला अकरा दुइलियो सापडले. एकात टोपी खाली ओढलेली. एकात गालावर हात. एकात तो पोस्टाच्या पेटीमागे. बाकी सगळे भिंतीला चिकटलेले, आणि त्यांतल्या तिघांत नुसता कान.

"हा कान चांगला आलाय," फोस्को म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हणाले. "तुमच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात, दाढीच्या साबणाच्या जुन्या डबीत, तो अख्खा बसलाय. मला काय आंधळी समजता? मेलेल्याला दिलेला शब्द मोडलात ते मोडलात. आता जिवंत बाईच्या हातात कान देणार?"

"तुला कधीपासून माहीत?"

"खेचर जळालं तेव्हापासून."

तो स्टुलावर बसला. "गावाला कळलं तर, आर्जेने, ताटलीवर कोण विश्वास ठेवेल? लोक म्हणतील, यानं सगळ्यांचेच ठेवलेत."

"ठेवलेत?"

"आईशपथ, हा एकच."

माझा विश्वास बसला. खोटं बोलताना तो काच पुसतो आणि तेव्हा तो काच पुसत नव्हता.

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही सान फ्रेदियानो चर्चमागच्या तिच्या घरी गेलो. फोस्कोनं रात्री स्वतः फोटो धुतला होता, मला आत येऊ दिलं नव्हतं. झेलिंदा स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. तिनं कॉफीचं विचारलं.

"आधी हे बघा," फोस्को म्हणाला आणि टेबलावर पाकीट ठेवलं. स्वतः उभाच राहिला.

तिनं हात पुसले, फोटो काढला आणि खूप वेळ बघितला. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"हे बटण मी जत्रेच्या आदल्या रात्री शिवलं होतं," ती म्हणाली. मग मान वर केली. "हा तर जाळला होता."

"दुसरीच निगेटिव्ह जाळली. एका खेचराची."

"म्हणजे माझा नवरा चौदा वर्षं खेचराच्या राखेवर खूश होता."

"चूक झाली, सोरा झेलिंदा."

"चुकून कुणी खेचर जाळत नाही. लबाडी केलीत."

"हो," फोस्को म्हणाला. "केली."

"का?"

फोस्कोला बोलता येत नाही. तीस वर्षं तो फक्त टोपी काढत आला. पण तेव्हा बोलला. "सगळं गाव माझ्यासमोरून गेलंय. लोक कसे दिसतात ते मला ठाऊक आहे. इतका सुखी माणूस मला परत मिळाला नाही. हातानं जाळवेना."

"आणि मला म्हणाला, भयंकर आलाय." तिनं अंगठ्यानं फोटोची कड चाचपली. "चौदा वर्षं मीही मान्य केलं. भयंकर कसा, असं एकदा तरी विचारायचं होतं, नाही का?"

शेंगा तशाच पडल्या होत्या, मी बसून दोन-चार सोलल्या. फोस्कोनं हळूच विचारलं, की आजच फोटो चिनीमातीवर उतरवायला दिला तर मृतांच्या दिवसाआधी शिळेवर बसेल.

"गाल दिसेल?"

"दिसेल."

"मग नाही." तिनं फोटो स्वतःच्या बाजूला ओढला. "त्यानं नको म्हटलं ते गावाला. मला तो कधी नको म्हणाला नाही. हा माझ्याकडे राहील. निगेटिव्ह कुठे आहे?"

फोस्कोनं दाढीची डबी पुढं केली. तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली.

"जाळणार?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"ते आम्ही दोघं बघून घेऊ."

"आणि शिळेवरचं भोक?"

तिनं एक शेंग सोलली. मग फोस्कोकडे वळली. "उद्या बाजाराला मी फिल्लुंगोवरून जाणार. माझा काढा. मला न सांगता."

दुसऱ्या दिवशी फोस्को सकाळी आठलाच रस्त्यावर. इतका घाबरलेला की नन्सच्या एका रांगेत पाठीनं घुसला. मी दुकानाच्या दारातून बघत होते. झेलिंदा आली, आणि आम्हाला वाटलं होतं तशी ताठ चालत वगैरे नाही. कांदेवाल्याशी भांडण उकरून काढलं. एक कांदा त्याच्या नाकाखाली धरून कांद्याला आलेला मोड दाखवत होती. फोस्कोनं कळ दाबली, टोपी काढली, चिठ्ठी दिली. तिनं वळूनही बघितलं नाही, चिठ्ठी पिशवीत टाकली आणि भांडण पुढं चालू ठेवलं.

गावात तिनं एक शब्दही काढला नाही. पण त्या दिवसापासून फोस्को निगेटिव्ह गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, भिंग द्यायचा नंबर तपासायला, आणि काडीही त्यालाच लावायला सांगायचा. लोक म्हणायचे, म्हातारा आळशी झाला.

दोन नोव्हेंबरला आम्ही दोघं शेवंती घेऊन दफनभूमीत गेलो. दुइलियोच्या शिळेपाशी गर्दी होती. वर त्याचं नाव, खाली तिचं, आणि मधल्या खाचेत झेलिंदा, हनुवटी वर, समोर कुणाला तरी ऐकवत असलेली. कांदा कारागिरानं कापून टाकला होता. खरी झेलिंदा शेजारीच फुलदाणीत पाणी ओतत होती आणि दुइलियोची बहीण कोरिन्ना तिच्या अंगावर धावून गेली होती.

"जनाची नाही तर मनाची तरी ठेव," कोरिन्ना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती. "जिवंत बाई शिळेवर मिरवते आहे. आणि माझा भाऊ कुठंय?"

फोस्कोनं माझा दंड घट्ट धरला.

झेलिंदानं पाणी पुरतं ओतलं, फुलं नीट लावली आणि मग उठली.

"तुझा भाऊ लाजरा होता, कोरिन्ना," ती म्हणाली. "आमच्याकडे कडी वाजली की दार कायम मीच उघडायची. तो आत आहे."