बाटलीला ओवाळायचं म्हणे!

कम्युनिटीतल्या मंडळींनो, सकाळपासून डोकं फिरलंय.

आमच्या पेणकरपाड्यातल्या दारूच्या कारखान्याने रेकॉर्ड केलंय. देशातली सगळ्यात मोठी व्हिस्कीची बाटली, दोन पुरुष उंच! आज तिची चक्क पूजा होती. हार घातला, नारळ फोडला.

मग मॅनेजरने आमच्या शेजारच्या सुमनवहिनींच्या हातात आरतीचं ताट दिलं. “वहिनी, गावच्या सवाष्णीनेच ओवाळायचं.”

वहिनींचा नवरा सकाळीच पिऊन पडलेला असतो, हे अख्ख्या पाड्याला माहीत आहे. वहिनी म्हणाल्या, “आधी माझ्या नवऱ्याला हिच्यातून बाहेर काढा, मग ओवाळते.”

मॅनेजर निर्लज्जासारखा हसला आणि त्याने ताट दुसरीच्या हातात दिलं.

इथे कम्युनिटीवर आलेल्या पूजेच्या फोटोखाली ‘गावाचं नाव काढलं’ लिहिणाऱ्यांनो, उद्या तुमच्या आईला पाठवता का ओवाळायला?